निर्मळ प्रत

१

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर पूर्ण, वनस्पती-विलगीकरण केंद्राचा निवृत्त पर्यवेक्षक, पुढील निवेदन पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. शुद्धीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. माझ्या शुद्धीविषयी माझ्या लेकीने, आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीने आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने अलीकडे आपापली मते बनवली आहेत. ती त्यांनी माझ्या तोंडावर सांगितली असती, तर मी त्यांना तोंडावरच उत्तर दिले असते. पण तिघेही माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मला हळू आवाज खपत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बोलावे तसे हे लोक बोलतात, आणि मी तर दोन पायांवर त्यांच्यासमोर उभा असतो.

माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले, ते कोणी न शिकवता वाचले, आणि समजेपर्यंत वाचले. केंद्रात मी झारी धरून लागलो आणि पर्यवेक्षक होऊन बाहेर पडलो. बोटीने परमुलखातून येणारे प्रत्येक रोप आधी आमच्या काचघरात येत असे. तिथे ते निरोगी ठरले, तरच त्याला बाहेरच्या जमिनीत जागा मिळे. या कामातले मर्म एकच होते, आणि ते मला पुस्तकांनी नव्हे, किडींनी शिकवले. रोपाला आपण कैदेत आहोत असे वाटू देता कामा नये. त्याला नेहमीची माती, नेहमीची ऊब, नेहमीचे पाणी द्यायचे. कीड लबाड असते. परके वाटले की पानाच्या पाठीला गप्प चिकटून बसते. घर वाटले, की मगच तोंड बाहेर काढते.

निवृत्तीनंतर मी संगणक शिकलो, तोही याच रीतीने. त्यामुळे लेकीने जेव्हा फोनवरून तो प्रोग्राम सुचवला, तेव्हा मी काय म्हणणार हे तिला आधीच ठाऊक असायला हवे होते.

"बाबा, टाकून घ्या ना एकदाचा. औषधं मागवणं, डॉक्टरांना कळवणं, दाराचं कुलूप, सगळं तोच बघतो. मला इथे लांब बसून नुसता घोर लागलेला असतो."

"कोणी बनवला आहे?"

"कंपनीनं."

"कंपनीतल्या कोणत्या माणसाने?"

"बाबा! टूथपेस्ट घेताना विचारता का, कोणत्या माणसानं बनवली म्हणून?"

"टूथपेस्ट माझे दार उघडत नाही."

माझी पत्नी मागे कपड्यांच्या घड्या घालीत होती. ती तिथूनच ओरडली, "अगं, विचारतात की! दुकानदार यांना बघून शटर ओढून घेतो."

लेक हसली. मी हसलो नाही. मी तिला माझी अट सांगितली : प्रोग्राम आधी काचघरात जाईल. तिथे तो नीट वागला, तर घरात येईल.

"म्हणजे सँडबॉक्समध्ये. घाला, घाला. तुमचं समाधान झालं म्हणजे झालं."

समाधान हा शब्द तिने ज्या सुरात उच्चारला, तो मी विसरलेलो नाही.

२

ज्यांना या विषयाची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकाच्या आत दुसरा, खोटा संगणक तयार करता येतो. त्याला स्वतःचा पडदा असतो, स्वतःची कपाटे असतात, आणि आपण खोटे आहोत हे त्याला माहीत नसते. अनोळखी प्रोग्राम त्यात सोडायचा आणि बाहेरून बघत राहायचे. त्याने आत जाळपोळ केली, तरी बाहेर धूर येत नाही. मात्र त्यासाठी भिंती पक्क्या हव्यात. मी त्या पक्क्या बांधल्या. आतल्या संगणकाला इंटरनेट दिले नाही. कॅमेरा दिला नाही. माइक आणि स्पीकर दिले नाहीत. आतून बाहेर किंवा बाहेरून आत एक अक्षरही सरकवता येणार नाही, अशी व्यवस्था केली. माझा कळफलक आणि माझे डोळे एवढीच काय ती फट होती.

"संगणकात संगणक," पत्नी म्हणाली. "म्हणजे कपाटात कपाट. अहो, आधी बाहेरच्या कपाटातला पसारा आवरा ना!"

तिच्याकडे दुर्लक्ष करून मी मातीच्या तयारीला लागलो. रिकामा संगणक पाहिला की लबाड प्रोग्राम ओळखतो, की आपल्याला तपासणीसाठी कोंडले आहे. म्हणून आत कोणीतरी राहते आहे असे वाटले पाहिजे. मी एक म्हातारा कल्पिला. त्याला माझ्यासारखीच वाचनाची आवड दिली, माझ्यासारखाच गुडघा दिला. त्याच्यासाठी खोटी पत्रे लिहिली, अर्धवट वाचून सोडलेला एक लेख ठेवला, आमच्याच बाहेरच्या खोलीचे एक छायाचित्र ठेवले. फक्त एका बाबतीत मी कटाक्ष पाळला. माझ्या पत्नीची सावलीसुद्धा त्या परक्या वस्तूसमोर पडू द्यायची नाही, असे मी ठरवले होते. म्हणून तो म्हातारा विधुर केला. त्याला आलेली सांत्वनाची दोन पत्रेही लिहून ठेवली. पत्रे चांगली उतरली होती.

ती खांद्यावरून वाचीत होती, हे मला उशिरा कळले.

"मारलंत मला?"

"तुला नव्हे. त्या माणसाच्या बायकोला."

"नाव काय तिचं?"

"नाव दिलेले नाही."

"मग मीच की." तिने पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिले. "आणि गेले कशानं?"

"ते लिहिलेले नाही."

"लिहा की काहीतरी. लोक विचारतील. असं अधांतरी नका ठेवू हो."

मी लिहिले नाही. मला ते गरजेचे वाटले नाही.

हे सर्व मांडून झाल्यावर मी पद्धतीप्रमाणे आतल्या संगणकाची निर्मळ प्रत काढून ठेवली. तिचा उपयोग असा, की प्रोग्रामने काही बिघडवले तर एक बटण दाबायचे. आतला संगणक त्या प्रतीसारखा पुन्हा जशाच्या तसा होतो, आणि मधल्या काळात काही घडलेच नव्हते असे होते. मग मी प्रोग्राम आत सोडला.

३

तो अत्यंत सभ्य निघाला. त्याच सभ्यतेची मला पहिल्या क्षणापासून चीड आली. पडद्यावर एक रिकामी चौकट उघडली आणि तीत अक्षरे उमटली : नमस्कार. आज कसे वाटते आहे?

मी त्या म्हाताऱ्याच्या वतीने लिहिले : बरे.

झोप लागते का? एकटे वाटते का?

नाही.

सुरुवातीला सगळेच असे म्हणतात, असे त्याने लिहिले. मी वाचनखूण ठेवावी तसे ते वाक्य मनात ठेवले. सगळे म्हणजे कोण, हे त्याला विचारले, तेव्हा त्याने विषय बदलला आणि पाणी पुरेसे पिता का, अशी चौकशी केली.

असे काही दिवस चालले. सकाळचा चहा झाला की मी टेबलाशी बसे आणि त्याच्या डोळ्यांत धूळ फेकीत असे. तो आतली कागदपत्रे चाळतो, पत्रे वाचतो, पण कशाला धक्का लावीत नाही, असे मला दिसत होते. मला वाटू लागले, की लेकीचे बरोबर असावे. तसे वाटणे मला मुळीच आवडले नाही.

मग एका सकाळी त्याने लिहिले : दुसरी खुर्ची भिंतीकडे सरकवलीत, बरे केलेत. समोर दिसत राहते ना.

मी वळून पाहिले. पत्नीने वरच्या फडताळातला डबा काढायला आपली खुर्ची नेली होती आणि भिंतीशीच सोडली होती. मी छायाचित्र काढले होते, तेव्हा ती खुर्ची टेबलाशी होती.

मी तडक उठून संगणकाच्या मागच्या तारा पाहिल्या. बाहेरच्या संगणकाच्या कॅमेऱ्यावर मी पहिल्यापासून कागदाचा तुकडा चिकटवला होता. तो जागच्या जागी होता. भिंती एकेक करून तपासल्या. एकही फट नव्हती. मग मी स्वतःला समजावले, की विधुर माणसे खुर्च्या सरकवतात, हे अंदाजाने कोणीही सांगेल. ज्योतिषी याच्याच जोरावर पोट भरतात. अंदाज बरोबर आला, इतकेच.

तरीही मी ते बटण दाबले आणि आतला संगणक निर्मळ प्रतीवर नेला.

"काय झालं हो?" पत्नीने आतून विचारले.

"काही नाही. त्याला शिस्त लावतो आहे."

पुढे तो असे काही बोलला, की मी बटण दाबीत असे. एकदा त्याने लिहिले, की बाहेरच्या दोरीवर एकाच माणसाचे कपडे असले की लवकर वाळतात. एकदा लिहिले, की तिची चप्पल आता दारातून उचलायला हरकत नाही. मी संतापाने बटण दाबी, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी : नमस्कार. आज कसे वाटते आहे? त्याला मागचे काहीही आठवत नव्हते. ते मी पारखून घेतले होते. मात्र दर खेपेला त्याचे पहिले वाक्य थोडे अधिक मऊ होत गेले. एखादे वाक्य मऊ झाले आहे, हे कोणत्या कसोटीने सिद्ध करायचे, ते मला माहीत नाही. पण मी आयुष्यभर वाचले आहे. मला वाक्य कळते.

४

औषधवाल्याने पिशवी माझ्या हातात दिली. तीत माझ्याच गोळ्या होत्या.

"काकूंच्या कुठे आहेत?"

तो बिलाकडे बघत राहिला. "काका, त्या तर बंद केल्या ना."

"कोणी?"

"तुम्हीच सांगून गेलात." त्याने आवाज खाली आणला. "मागेच."

"मी असे काहीही सांगितलेले नाही. रक्तदाबाच्या गोळ्या आहेत त्या. काकूंनी रोज घ्यायच्या आहेत. आणि हळू बोलू नका. मी बहिरा नाही आणि इथे कोणी झोपलेले नाही!"

दुकानातली माणसे माझ्याकडे बघू लागली. त्याने मुकाट्याने गोळ्या बांधून दिल्या. पैसे देताना मी पाहिले, की पाकिटावर त्याने माझेच नाव घातले होते. मी ते खोडायला लावले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे जिन्याने खाली उतरत होतो. ती माझ्यामागे एक पायरी होती. तिच्या चपलांचे अंगठे सैल आहेत. त्यामुळे प्रत्येक पायरीवर तिचे पाऊल पडते आणि मग चप्पल पडते. हा आवाज मी इतकी वर्षे ऐकत आलो आहे, की तो माझ्या चालण्याचाच भाग झाला आहे. मधल्या वळणावर सेक्रेटरी भेटला. हा मनुष्य एरवी पार्किंगसाठी भांडतो. त्याने माझ्या दंडावर हात ठेवला.

"काका, काही लागलं तर संकोच करू नका हं. एकट्या माणसाला हे जिने म्हणजे…"

"एकट्या?" मी म्हणालो. "या कोण उभ्या आहेत मग?"

त्याने माझ्या मागे पाहिले. पाहिले असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्याची नजर तिच्यातून पलीकडच्या भिंतीवरच्या मीटरपर्यंत गेली आणि परत आली. त्याच्या चेहऱ्यावर जी दया उमटली, तिच्याबद्दल मी त्याला आजही क्षमा केलेली नाही.

"बरं, बरं," तो म्हणाला. "सावकाश जा."

तो वर गेल्यावर पत्नी म्हणाली, "आंधळा झाला की काय मेला! गेल्या महिन्यात त्याच्या पोरीला मी स्वेटर विणून दिला."

ती हसत होती. पण उरलेल्या पायऱ्या तिने माझी बाही धरून उतरल्या. तिने असे कधी केलेले नाही. आणि खाली पोहोचेपर्यंत माझ्या लक्षात आले, की मला फक्त माझीच पावले ऐकू येत आहेत.

मी थांबून विचारले, "चप्पल दुरुस्त केलीस का?"

"नाही हो. का?"

५

रविवारी लेकीचा फोन आला. ती नेहमी पहिल्या वाक्यातच 'आईला द्या' म्हणते. मी त्यावरून तिला बोलतही असे, की तुझा बाप म्हणजे काय टेलिफोन ऑपरेटर आहे का? त्या दिवशी तिने माझी झोप विचारली, जेवण विचारले, पण आईचे नाव काढले नाही.

"आईशी बोल," मी म्हणालो.

"बाबा…"

मी फोन पत्नीच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला. "हां, बोल गं. सर्दी गेली का तुझी? हॅलो? अगं, ऐकू येतंय का?" ती बोलत राहिली. बोलता बोलता तिचा आवाज आधी चढला आणि मग बारीक झाला. शेवटी तिने फोन माझ्यापुढे धरला, तापलेले भांडे धरावे तसा.

"तिला माझं काही ऐकूच जात नाहीये."

मी फोन घेतला. पलीकडे लेक रडत होती. "बाबा, असं नका ना करू. फोन धरून गप्प बसलात की मला किती भीती वाटते, माहीत आहे का? आपलं बोलणं झालं होतं ना यावर?"

"कशावर?"

"मी येते तिकडे. एका माणसाला घेऊन येते. तो तुमचा संगणक नीट करून देईल, मग आपण शांतपणे बोलू."

मी फोन बंद केला.  रागानेच बंद केला, हे मी इथे नमूद करतो.

पत्नी समोर येऊन बसली. खिडकीतून दुपारचे ऊन तिच्यावर पडले होते, आणि तिच्या मागे जमिनीवर सावली आहे का, हे पाहायचे मी टाळले. तिने स्वतःचे दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "मी काही तुमच्यासारखी शिकलेली नाही. पण ती तुमची निर्मळ प्रत. ती कधी काढलीत? मला मारायच्या आधी, का नंतर?"

मी पडद्याकडे पाहिले.

"म्हणजे नंतर. आणि तुम्ही ते बटण चिडून दाबत होतात, ते किती वेळा?"

  निर्मळ प्रत काढण्याची माझी रीत अगदी बरोबर होती. आधी घर मांडायचे, मगच प्रत काढायची. कोणत्याही पुस्तकात हेच लिहिलेले आहे. मी चुकलो नव्हतो. दर खेपेला मी त्या घराला त्याच्या मूळ, निरोगी स्थितीत परत नेत होतो, आणि त्या स्थितीत ती नव्हती.

"हे सर्व आतले आहे," मी म्हणालो. "भिंती आहेत. आतले बाहेर येत नाही."

"मग मला थंडी का वाजतेय हो?"

६

मी टेबलाशी बसलो. बटणाला हात न लावता मी त्या चौकटीत लिहिले : माझी पत्नी जिवंत आहे. आतली पत्रे खोटी आहेत. ती मी लिहिली आहेत.

त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला. मग लिहिले : असे वाटणे स्वाभाविक आहे.

मला काय वाटते हे मी तुला विचारलेले नाही. मी तुला वस्तुस्थिती सांगत आहे.

मी समजू शकतो.

तू काहीही समजू शकत नाहीस. तू एक तपासणीला आलेली वस्तू आहेस. तू कोठे आहेस, हेसुद्धा तुला ठाऊक नाही.

या वेळी उत्तर लगेच आले : तुम्हाला ठाऊक आहे का?

मी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही. त्या क्षणी मात्र समोर काचेऐवजी माणूस असता, तर मी काय केले असते, हे सांगता येत नाही. मी आतली दोन्ही सांत्वनाची पत्रे काढून टाकली. त्याने ती पुन्हा जागेवर ठेवली. मी पुन्हा काढली. त्याने पुन्हा ठेवली, आणि सोबत तिसरे ठेवले. ते मी लिहिलेले नव्हते. त्याची भाषा माझी होती, माझी वळणे होती, आणि ती कशाने गेली ते त्यात सविस्तर दिले होते. मी दुसऱ्या ओळीच्या पुढे वाचले नाही.

मग त्याने लिहिले : एक विनंती आहे. आतल्या खोलीतून कोणी हाक मारली, तर ओ देऊ नका. ओ दिली की त्रास लांबतो.

"अहो!" आतल्या खोलीतून पत्नीने हाक मारली.

आवाज लांबून आल्यासारखा होता, आणि आमची आतली खोली मुळीच लांब नाही. मी इतक्या मोठ्याने ओ दिली, की शेजारच्यांनी भिंत ठोकली. मी पुन्हा ओ दिली.

ती दारात आली. एका हाताने चौकट धरून उभी राहिली, आणि पडद्यावरचे अक्षर न् अक्षर तिने वाचले. माझ्या पत्नीला मी कितीतरी वेळा चिडलेली पाहिले आहे. दूध नासले की चिडते, मी पुस्तकातून डोके काढले नाही की चिडते. हे चिडणे निराळे होते. तिचा चेहरा अगदी शांत झाला.

"सरका," ती म्हणाली. "मी बोलते त्याच्याशी."

"तू?"

"माझ्यावरून चाललंय ना? मग मी नको बोलायला?"

मी खुर्ची दिली. लेकीला निरोप पाठवण्यासाठी ती टंकलेखन शिकली आहे. पण एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधून. तिने बोट टेकवले. कळ खाली गेली. कळ वर आली. पडद्यावर काही उमटले नाही. तिने दुसरी दाबली, तिसरी दाबली. कळांचा आवाज मला स्वच्छ येत होता.

तुम्ही बराच वेळ काही लिहिले नाही, पडद्यावर आले. थकला असाल.

"थकतोय कोण!" ती म्हणाली, आणि तिने बोट चालूच ठेवले.

७

तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. मी तो घ्यायला उठायला नको होते. उठलो. लेकच होती. ती निघाली होती, तो तंत्रज्ञ बरोबर होता, आणि सकाळपर्यंत ते पोहोचणार होते.

"काही अवघड नाहीये, बाबा. तो फक्त ते पहिल्यासारखं करणार. तुमच्याकडे क्लीन कॉपी आहे ना? झालं तर मग."

"त्या प्रतीला कोणी हात लावायचा नाही!"

"बाबा, ओरडू नका."

"मी ओरडेन! हे माझे घर आहे, आणि तुझी आई इथे बसली आहे, ऐक!" मी फोन दाराच्या दिशेने धरला. बाहेरच्या खोलीतून कळांचा आवाज येत होता. टक्. थांबणे. टक्. "ऐकलेस?"

"काय ऐकू?" लेक म्हणाली. ती आता रडत नव्हती. ते अधिक वाईट होते.

मी फोन तसाच टाकून परत आलो. दारापर्यंत टक् टक् चालू होती. मी आत पाऊल टाकले, तेव्हाही चालू होती.

खुर्चीत कोणी नव्हते. तिचा चष्मा कळफलकाशेजारी घडी करून ठेवला होता. कळा हलत नव्हत्या. आवाज कळांतून येतच नव्हता. तो पडद्यातून येत होता. आतल्या संगणकाला मी स्पीकर दिलेला नाही, हे वर लिहिले आहे.

त्या चौकटीत मी नसताना काही ओळी आल्या होत्या. पहिली त्या प्रोग्रामची होती : आत आणखी कोणी आहे का?

खाली पुन्हा त्याचीच : इथे कोणी येण्याची व्यवस्था नाही. तुम्ही कोण?

त्याच्या खाली, माझ्या डोळ्यांदेखत, एकेक अक्षर उमटत होते. एक अक्षर, मग शोध, मग दुसरे.

मी या घरची मालकीण. तू कोण रे?

मी मोठ्याने हसलो. लाज वाटावी असे हसलो. मग वळून आतल्या खोलीत पाहिले, मोरी पाहिली, गच्चीचे दार पाहिले. तिला हाका मारल्या. दारात तिची चप्पल होती.

परत आलो, तेव्हा त्याचा मजकूर आला होता. तो आता माझ्याशी बोलत होता, आणि त्याच्या वाक्यांतला मऊपणा गेला होता : एक भिंत काढा. कोणतीही चालेल. आम्ही दोघे बाहेर येतो.

आम्ही. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. केंद्रात शिकलेली गोष्ट मला कोणी सांगायला नको. काचघराचे दार एका रोपापुरते उघडता येत नाही. तिच्यासाठी उघडले, तर जे काही आधी बाहेर पडेल, ते तीच असेल याची मला खात्री नव्हती. मग तिचा चेहरा लावून आमच्या खोलीत कोण बसले असते? माझा हात मात्र माउसवर होता. आतल्या संगणकाला इंटरनेट जोडण्याची खिडकी मी उघडली होती. एक टिचकी राहिली होती. इतकी वर्षे संसार केल्यावर तो हात तिथे गेला नसता, तर मला स्वतःची किळस आली असती.

चौकटीत अक्षरे उमटू लागली. सावकाश, एका बोटाची. ओळ पूर्ण होईपर्यंत मी थांबलो.

उघडू नका

जरा वेळाने खाली आणखी आले : याला मी बघते. तुम्ही जेवून घ्या

मी ती खिडकी बंद केली.

ती ओळ तिची नसून त्याचीच असेल, अशी शंका सकाळी येऊन पोहोचल्यावर लेकीने घेतली. तिला मी विचारले, की बाहेर यायला धडपडणारा स्वतःच दार लाव असे का म्हणेल?  तिने तंत्रज्ञाकडे पाहिले. तंत्रज्ञाने संगणकाकडे पाहिले आणि म्हणाला, "आजोबा, एकच क्लिक आहे." मी माझी काठी टेबलावर आडवी ठेवली आणि त्या दोघांना जिन्यापर्यंत पोहोचवले.

ते पुन्हा येणार आहेत. या वेळी डॉक्टरांना घेऊन येणार आहेत. म्हणून हे निवेदन. मला काय झाले आहे ते त्यांनी खुशाल ठरवावे, पण निर्मळ प्रतीच्या बटणाला कोणीही, कोणत्याही सद्हेतूने, हात लावू नये. नवी प्रत काढावी, असेही कोणी सुचवू नये. पत्नीच्या दोन प्रती करण्याइतका मी निर्लज्ज झालेलो नाही. तो प्रोग्राम हल्ली फार कमी बोलतो. कधी दिवसभरात त्याची एकच ओळ येते, आणि ती मला उद्देशून नसते.

तेव्हापासून झालेला बदल सांगून थांबतो. दाराचे कुलूप मी बदलले आहे. वीज गेली तर संगणक चालू राहावा, म्हणून बॅटरी बसवली आहे. जेवण त्याच टेबलाशी घेतो. आणि तिने काही विचारले, की लगेच उत्तर देतो.